गजू कवळीवाल्याची फौज

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली आणि त्यातला प्रत्येक जण आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं गंभीरपणे सांगायला लागला, की ते आपोआप होतात. एखाद्या लग्नात भेटलो की बाकीचे लोक हळदीच्या भावाचं बोलत असतात आणि आम्ही "त्या दिवशी ड्रॅगन कसा फुटला" यावर हसत असतो. शेजारचा माणूस आपलं ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतो.

आधी ओळख करून देतो.

वसमतला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गजूची लॅब आहे. लॅब म्हणजे कवळ्यांची. गावातले दाताचे डॉक्टर मापं पाठवतात, गजू दात बसवून देतो. उरलेल्या गुलाबी मसाल्यातून तो सैनिक, राक्षस, घोडे आणि ड्रॅगन बनवतो. बोटाएवढे, पण नाकडोळे सगळं जागच्या जागी. वरून तो त्यांना रंगवतो. रंग उडाला की मात्र आतून हिरडी दिसते.

खेळ सोपा आहे. गजू गोष्ट चालवतो आणि आम्ही गोष्टीतली माणसं. जंगल आलं, समोर राक्षस उभा आहे, आता काय करता? आपण सांगायचं. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. वीस पडला तर कमाल, एक पडला तर वाटोळं.

खेळणारे तिघं. शिल्पाताई गुरांच्या डॉक्टर आहेत, पण खेळात जादूगारीण. मारोती जवळच्या हट्टा गावाकडचा. घरी मेंढरं आहेत, तो स्वतः टेम्पो चालवतो आणि खेळात योद्धा असतो. माझं फ्लेक्सचं दुकान. मी खेळात चोर आहे, कारण बाकीचं सगळं आधीच वाटून झालं होतं. शिवाय गजूची आई, म्हणजे काकू. त्या खेळत नाहीत. निदान त्या तसं म्हणतात.

०००

सुरुवातीला गल्लीत बातमी पसरली की गजूकडं रविवारी फासे पडतात. बातमी खरीच होती.

एका दुपारी दारात जमादारसाहेब उभे!

"काय चालू हाय?"

"खेळ, साहेब."

"ते दिसून राहिलं मला. पैसा कुठंय?"

"पैसा न्हाई लावत आमी," गजू म्हणाला.

जमादारांनी टेबलाखाली पाहिलं. कवळ्यांचे डबे उघडून पाहिले. आत दातच होते. मग ते खुर्ची ओढून बसले आणि वीस बाजूंचा फासा बोटात फिरवत राहिले.

"पैसा न्हाई म्हणता. मग हरलं की काय जातं?"

"जीव जातो," मारोती म्हणाला. तो नेहमीच्या गंभीरपणानं बोलला होता.

जमादार त्याच्याकडं बघत राहिले. मग फासा हळूच टेबलावर ठेवून उठले.

"पैसा असता तर कलम लावलं असतं," ते म्हणाले. "याला कोणतं लावू?"

०००

कवळीची डबी आणि राक्षसाची डबी एकाच मापाची असते. त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं.

आमच्या गोष्टीत त्या रविवारी मोठा प्रसंग होता. गुहेतल्या अंधारात आम्ही शिरलो. गजूनं आवाज खाली आणला. "दगडामागून तो बाहेर आला. आजवर कुणी पाहिला नाही असा." आणि त्यानं डबीचं झाकण उघडून टेबलावर ठेवलं.

डबीत वरची-खालची पूर्ण कवळी.

शिल्पाताई वाकून पाहू लागल्या. "बाकीचा कुठं राहिला?"

बाकीचा हट्ट्याला पोचला होता. तिथल्या एका तात्यांच्या नातीचा त्याच दिवशी साखरपुडा. पाहुण्यांसमोर बोळकं तोंड नको म्हणून त्यांनी घाईनं कवळी करून घेतली होती. फोन वाजला. गजूनं स्पीकर चालू केला.

"गजू, हे काय पाठवलं बाप्पा?"

"तात्या, चुकून झालं. ते तोंडात घालू नका!"



"आता सांगून राहिला का?" तात्या म्हणाले. "एक शिंग बसलं बी!"

०००

परभणीला आमच्यासारखाच एक गट आहे. फरक इतकाच की त्यांच्या फौजा परदेशातून मागवलेल्या. एकदा त्यांनी आमच्याशी युद्ध ठरवलं आणि कार घेऊन आले. प्रत्येक सैनिक स्पंजच्या पेटीत वेगळ्या खाचेत निजवलेला.

उन्हाळ्याचे दिवस होते. मारोती थेट हळदीची पोती उतरवून आला होता. हात धुतले होते, पण हळदीचा हात धुतल्यानं काय होतं! फौज मांडायचं काम त्यानंच केलं. मांडून झाली तेव्हा आमचे सगळे वनातले योद्धे, शुभ्र पांढरे रंगवलेले, मानेपासून घोट्यापर्यंत पिवळे.

परभणीकरांपैकी एकानं एक योद्धा हातात घेतला. उजेडाकडं धरला. जवळून पाहिला. आम्ही खाली मान घालून बसलो.

"शेड कोणती वापरली?" त्यानं विचारलं. "मला हा ग्लो कधीच जमत नाही."

"लोकल हाय," गजू म्हणाला.

युद्ध आम्ही हरलो. पण जाताना त्यांनी अर्धा किलो नेली.

०००

शिल्पाताईंचं एक आहे. खेळात त्या जादूगारीण असल्या तरी जनावर दिसलं की जादू विसरतात.

गजूनं कित्येक आठवडे खपून ड्रॅगन केला होता. पंख वेगळे, शेपटी वेगळी, गळ्याखाली खवले. गोष्टीत तो डोंगरावर पडून होता, खजिन्याच्या ढिगावर. आम्ही चोरपावलानं जायचं आणि त्याला झोपेत मारायचं, असं ठरलं होतं.

"ड्रॅगन कण्हतोय," गजूनं वर्णन केलं. "पोट टम्म फुगलंय."

झालं! ताईंनी जादूची काठी खाली ठेवली.

"कोणत्या बाजूनं फुगलंय?"

गजू गडबडला. "डाव्या."

"खाणं सोडलंय का?"

"ताई, तो ड्रॅगन हाय. मारायचाय त्याला."

"आधी उत्तर दे. खाणं सोडलंय का?"

"सोडलंय," गजू हरल्यासारखा म्हणाला.

"पोटात गॅस धरलाय. आमच्याकडं रोज येतात अशा गाई." ताईंनी बाह्या सरसावल्या. "मी डाव्या कुशीत सुई घालते आणि गॅस मोकळा करते. बरा झाला की आपणहून खजिना देईल."

मारोतीला हे पटलं. मलाही पटलं. ताईंनी फासा टाकला. वीस!

गजूनं फाशाकडं पाहिलं, मग ताईंकडं.

"सुई बराबर जागी गेली," तो म्हणाला. "गॅस जोरात बाहेर आला. ड्रॅगनला इतकं बरं वाटलं, की त्यानं समाधानाचा एक मोठा उसासा टाकला."

आम्ही खूश.

"ड्रॅगनचा उसासा म्हणजे जाळ," गजू पुढं म्हणाला. "आणि सगळीकडं गॅस."

डोंगर उडाला. खजिना उडाला. आम्ही तिघंही उडालो. ज्या गावाला वाचवायला निघालो होतो ते गावही गेलं.

मारोती डोकं धरून बसला. ताई मात्र शांतपणे चहा पीत होत्या.

"निदान चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

०००

या स्फोटात आमचे जीव गेले तरी गजूनं पुढच्या खेळात आम्हाला नवीन माणसं दिली. माझा दुसरा चोर, ताईंची दुसरी जादूगारीण. आम्हाला काही वाटलं नाही. मारोतीचं तसं नव्हतं. त्याचा योद्धा विक्रांत. पहिल्या दिवसापासूनचा.

स्फोटाच्या त्या रविवारी मारोती घरी गेला आणि जेवला नाही. आईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "माझा माणूस गेला." आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

त्याच्या आईला एवढं पुरलं. तिनं धाकट्याला विचारलं. धाकटा म्हणाला, कुणी विक्रांत म्हणून होता, वसमतला स्फोटात गेला. आईनं बहिणीला फोन लावला. बहिणीनं तिच्या दिराला. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीच्या अंगणात मामा, मावशी आणि दोन जीपभर माणसं! बायांनी डोक्यावर पदर घेतलेले, एकीनं तर दारातूनच गळा काढला.

मारोती बाहेर आला. एवढी माणसं बघून त्याला वाटलं, आपल्याच घरात काही झालं.

"कोण गेलं?" त्यानं घाबरून विचारलं.

"तूच सांग की! विक्रांत कोण व्हता तुझा?" मामा म्हणाले.

मारोतीनं सांगितलं. सगळं सांगितलं. डोंगर, ड्रॅगन, सुई.  मावशीनं पदर मागं घेतला. जीपवाल्यानं गाडी वळवून ठेवायला घेतली.



"एवढा तगडा माणूस," शेवटी मामा म्हणाले, "अन् सुई बाईच्या हातात दिली काहून?"

हे काकूंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी गजूला बजावलं, मारोतीचं माणूस परत जिवंत करायचं. गजू म्हणाला, नियमात बसत नाही. काकू म्हणाल्या, मग रविवारचा चहाही बसत नाही.

विक्रांत पुढच्या रविवारी सकाळीच उठून बसला.

०००

माझ्या दुकानात पडून राहिलेले फ्लेक्स आम्ही नकाशे म्हणून वापरतो. एकदा एका पुढाऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, वाढदिवसाचा फ्लेक्स नाव चुकल्यामुळं परत आला होता. भाऊंच्या मागं छान हिरवंगार शेत होतं, म्हणून आम्ही तो तसाच टेबलावर अंथरला. शेतात फौजा मांडल्या. भाऊ मधोमध होते, त्याला इलाज नव्हता. कपाळ आम्ही टेकडी धरली. मिशी म्हणजे जंगल.

युद्ध रंगात आलं असताना भाऊ स्वतः दारात. दुकान बंद दिसलं म्हणून मला शोधत आले होते. सोबत एक कार्यकर्ता.

भाऊंनी टेबलाकडं पाहिलं. चष्मा लावला. परत पाहिलं.

"हे मीच का?"

"व्हय भाऊ," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"माझ्या डोक्यावर हे कोण उभं हाय?"

"राक्षस."

"काढा रे ते!" कार्यकर्ता पुढं सरसावला.

"हात लावायचा न्हाई!" मारोती ओरडला. "त्याची चाल बाकी हाय!"

 माझं वर्षाचं अर्धं काम भाऊंच्या आणि त्यांच्या माणसांच्या वाढदिवसांवर चालतं. पण भाऊंनी कार्यकर्त्याला हातानंच थांबवलं आणि टेबलावर वाकले.

"आपली माणसं कोणती?"

ताईंनी मिशीतली फौज दाखवली.

"अन् जिंकून कोण राहिलं?"

"राक्षस," गजू म्हणाला.

भाऊंनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं, जणू त्यांना आमचीच कीव आली.

"मग त्याला आपल्यात घेत काहून न्हाई?"

०००

गजूचा घसा बसला होता तेव्हाची गोष्ट. खेळ तर थांबवायचा नाही. जंगलातल्या म्हातारीचा प्रसंग होता. म्हातारी कपटी, तिच्याकडून गुप्त वाट काढून घ्यायची. गजूनं काकूंना बसवलं आणि खुणेनं सांगितलं, तू म्हातारी हो.

"मला न्हाई जमत," म्हणत काकू पदर सावरून बसल्या.

ताईंनी मंत्राची तयारी केली. मारोतीनं तलवारीवर हात ठेवला. मी झाडामागं लपलो.

"जेवलात का?" म्हातारीनं विचारलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. उपाशीच होतो, जंगलात काही मिळालं नव्हतं. तसं सांगितलं. म्हातारीनं झुणका-भाकरी वाढली. मग चौकशी सुरू झाली. गाव कोणतं? मामाचं गाव कोणतं? घरी कोण असतं? मारोतीनं योद्ध्याची सगळी माहिती दिली, ती त्याला पाठच होती. ताईंनीही आपल्या जादूगारणीची दिली. गजू घसा धरून हातवारे करत होता, वाट, वाट! काकूंचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे तू कमावता," त्या योद्ध्याला म्हणाल्या, "अन् ही शिकलेली. दोघंबी मोकळे. मग अडलं कुठं?"

मारोती लाजला. म्हणजे विक्रांत लाजला. कोण ते मला नीट कळलं नाही.

"काकू, आमाला गुप्त वाट पायजे," ताई म्हणाल्या.

"सांगते की. आधी तारीख धरा."

त्या रविवारी एकही लढाई झाली नाही. खेळातल्या लग्नाला गजूनं साठवलेले सगळे राक्षस वऱ्हाडी म्हणून उभे करावे लागले. झाडामागं मी अजून लपलेलोच होतो. मला कुणी जेवायला बोलावलं नाही.

०००

आणि आता ही एक.

गजूनं एक दगडी दरवाजा बनवला होता. विटकरीएवढा, त्यावर बारीक नक्षी. गोष्टीत त्या दरवाज्यापलीकडं सगळं होतं आणि तो उघडत नव्हता. त्यावर कोरलं होतं, 'जे नाव आता कुणी घेत नाही, ते घ्या. मी उघडेन.' आधीच्या एका खोलीत जुन्या राजाचं नाव लिहिलेलं होतं. तेच उत्तर. पण त्या खोलीत आम्ही गेलोच नव्हतो, आणि गजू काही ते सांगणार नव्हता.

आम्ही नावं घेत बसलो. मी पणजोबांचं घेतलं. गजू म्हणाला, तुमच्या दुकानाच्या पाटीवर हाय ते. ताईंनी पहिल्या नोकरीतल्या एका बैलाचं नाव घेतलं. नाही. मारोतीनं गोष्टींतल्या मेलेल्या माणसांची नावं घेतली. नाही. दुपार अशीच चालली.

त्या दिवशी लॅबमध्ये एक मावशी बसल्या होत्या. सिद्धेश्वर धरणाकडच्या. घरची माणसं तिथंच मासे धरतात. नवी कवळी हिरडीला लागत होती. दवाखाना बंद, म्हणून थेट गजूकडं आल्या होत्या. गजू एका हातानं मशीनवर कवळी घासत होता आणि मान वळवून आमचा खेळ चालवत होता. मावशी भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन, बोळक्या तोंडानं सगळं ऐकत होत्या.

"काय अडलंय रे त्यायचं?" त्यांनी मारोतीला विचारलं.

मारोतीनं नीट समजावून सांगितलं. दरवाजा दाखवला. काय कोरलंय ते वाचून दाखवलं.

"नाव पायजे का त्याला?"

"व्हय मावशी. जे कुणीच न्हाई घेत आता."

मावशी दरवाज्याकडं बघत राहिल्या. मशीन किर्र चालू होतं.

"पारू," त्या म्हणाल्या.

गजूनं मशीन बंद केलं.

"कोण पारू, मावशी?" ताईंनी विचारलं.

"त्याला चाललं का ते इचार आधी."

"पण तुमी घेता ना हे नाव?" मारोती म्हणाला. त्याला नियम पक्के लागतात. "मग घेणारं हाय की."

"मी कुठं घेते? घरात कुणीच न्हाई घेत. लई वर्सं झाली." मावशींनी पिशवीचा बंद हातावर गुंडाळला. "आज घेतलं."

फासा गजूच्या समोर होता. त्यानं तो उचलला नाही. हात पुसले, टेबलाशी आला आणि दगडी दरवाजा बोटानं बाजूला सरकवला.

"उघडला," तो म्हणाला.

 गजूनं कवळी पाण्यातून काढून मावशींना दिली. त्यांनी ती बसवली, दात दोनदा एकमेकांवर दाबून पाहिले. गाल भरले, आणि एकदम दुसरीच बाई समोर बसल्यासारखी वाटली.

"बराबर झाली," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली, चप्पल पायात सरकवली आणि दारापाशी जाऊन वळल्या.

आम्ही तसेच टेबलाभोवती.

"उघडलं न्हवं ते? मग बसून काहून राहिलात? जा की आत!"